ती भाषा मला येत नाही

रविवार, ९ फेब्रुवारी

वहिनी,

पत्राची सुरुवात कशी करायची यातच तीन कागद फुकट गेले. 'साष्टांग नमस्कार' लिहिलं तर तू म्हणशील, आली मोठी साष्टांग घालणारी. म्हणून नुसतंच वहिनी.

दादाच्या फोनवर लिहून पाठवलं असतं तर त्याने आधी स्वतः वाचलं असतं, मग तुला मोठ्याने वाचून दाखवलं असतं आणि मधे मधे पदरचं घातलं असतं. म्हणून कागद. हे तुझ्याच हातात पडावं म्हणून पाकिटावर तुझं नाव मोठ्या अक्षरात लिहिणार आहे.

पाच महिने झाले मला येऊन. दर रविवारी सकाळी मी फोन करते आणि दर रविवारी दादा सांगतो, "ती आंघोळीला गेलीय." कधी म्हणतो, शेजारी गेलीय. कधी म्हणतो, आत्ताच डोळा लागला तिचा. मागच्या रविवारी तू आंघोळीला गेली होतीस आणि मागे भांडी लावल्याचा आवाज येत होता. दादाला खोटं बोलायला जमत नाही, ते काम आपल्या घरात माझं आहे.

माझं ठीक चाललंय. खोली लहान आहे. पलंगावर बसलं की हात लांबवून खिडकीही उघडता येते आणि शेगडीही बंद करता येते. भिंतीपलीकडे नर्सिंग शिकणारी एक मुलगी राहते. दोघींना मिळून एकच स्वयंपाकघर आहे. ती परक्याच देशाची, मीही परक्या देशाची, त्यामुळे दोघी इथली भाषा सारख्याच वाईट बोलतो आणि एकमेकींना बरोबर समजते.

सकाळी सातच्या बसने शाळेत जाते. दुसरीचा वर्ग आहे, चोवीस मुलं. वर्ग मूळ ज्या बाईंचा आहे त्या केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचून ठेवतात आणि ती दिवसभर शोधत असतात. त्या मागच्या बाकावर बसतात आणि मी पाठ घेत असताना दोन रंगांच्या पेनने लिहीत राहतात. निळं म्हणजे बरं, लाल म्हणजे सुधारा. पहिल्या आठवड्यात माझ्या वहीवर निळं शोधावं लागत होतं. एकदा मी 'रांग करा' म्हणायच्या ऐवजी स्वर चुकवून 'नाक करा' असं काहीतरी म्हणाले. चोवीस मुलांनी चोवीस नाकं पकडली. त्यांचा काही दोष नाही, बाईंनी सांगितलं म्हणून पकडली.

आता बरंच सुधारलं आहे. फक्त मोजायला लागले की अजून आपलेच आकडे तोंडात येतात. मैदानावर नेताना डोकी मोजते ती हळूच, ओठांतल्या ओठांत.

निघायच्या आदल्या दिवशी जे झालं, ते तू फारच मनाला लावून घेतलंस असं मला वाटतं. किती गडबड होती, तुला ठाऊक आहे. माझं धड लक्षही नव्हतं. एवढ्या तेवढ्यावरून पाच महिने बोलायचं नाही म्हणजे काय?

उत्तर लिही. चार ओळी लिही.

तुझी नणंद


गुरुवार, २० फेब्रुवारी

वहिनी,

दादा म्हणाला पत्र पोचलं. वाचलंस का विचारलं तर म्हणाला, "फोडलं तरी आहे." तेवढ्यावर हे दुसरं लिहिते आहे.

वर्गात एक नवी मुलगी आली आहे. महिना होत आला. सात वर्षांची, दोन घट्ट वेण्या, वर्गातल्या सगळ्यांपेक्षा एक बोटभर बुटकी. तिला इथल्या भाषेतलं एक अक्षर येत नाही. पहिल्या दिवशी तिची आई तिला सोडायला आली आणि दारातून मोठ्याने म्हणाली, "बिट्टे, रडायचं नाही हं. मी इथेच आहे." आणि निघून गेली.

हो. आपलीच भाषा. इतक्या लांब, इतक्या महिन्यांनी, कुणीतरी माझ्यापासून चार हातांवर 'रडायचं नाही हं' म्हणालं, आणि मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत राहिले.

त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, "ही मुलगी तुमच्याच देशातली आहे ना? तुम्हाला तिच्याशी बोलता येईल?"

मी म्हणाले, "आमच्या देशात पुष्कळ भाषा आहेत, सर. ती भाषा मला येत नाही."

आता तू म्हणशील, का? त्याला कारण आहे. माझ्या आधी इथे जी शिकाऊ शिक्षिका होती तिला असाच एक स्वभाषेचा विद्यार्थी मिळाला होता. तिला वर्षभर त्याच्याजवळ कोपऱ्यात बसवून ठेवलं. वर्ग तिच्या हातात आलाच नाही आणि ती शेवटच्या पाठात नापास झाली. मला दुभाषी व्हायचं नव्हतं. शिक्षिका व्हायचं होतं. शिवाय भाषा कानावर पडत राहिली की मुलं भराभर शिकतात, हे आमच्या पुस्तकातच आहे. तिच्याशी मराठीत बोलले असते तर तिची वाढच खुंटली असती.

बिट्टीची आई परवा फाटकापाशी भेटली. कपडे दुरुस्त करायच्या दुकानात काम करते, दोऱ्याचे तुकडे अंगावरच होते. पायात सपाता आणि त्यांत मोजे. मला पाहून तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "बाई, तुम्ही आपल्याकडच्याच ना? बिट्टी म्हणत होती."

मी इथल्या भाषेत म्हणाले, "माफ करा, मला समजलं नाही."

ती इतकी ओशाळली, वहिनी. दोन्ही हात हलवत 'सॉरी, सॉरी' म्हणाली आणि वाट सोडून बाजूला उभी राहिली.

पुढच्या मंगळवारी महाविद्यालयातून परीक्षक येणार आहेत. पाठ आहे लांबी मोजण्याचा. कागदाच्या पट्ट्या कापून कापून बोटं दुखताहेत.

तुझी नणंद


गुरुवार, २७ फेब्रुवारी

वहिनी,

पाठ झाला. परीक्षकांनी वहीत काय लिहिलंय ते आधी सांगते, म्हणजे ते सांगून मोकळी होते. 'वर्गावर उत्तम नियंत्रण. अडथळा आला तरी पाठाचा ओघ तुटू दिला नाही.' सगळं निळ्या शाईत.

अडथळा कुठला, ते कालपासून तीनदा लिहायला बसले आणि उठले.

शाळेत नियम असा आहे की लघवीला जायचं असेल तर मुलाने बाकावरचं लाल कार्ड वर करायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही. सगळ्यांना पहिल्याच दिवशी समजावलेलं असतं. बिट्टीलाही समजावलं होतं, तिला न कळणाऱ्या भाषेत.

मुलं टेबलाची लांबी पट्ट्यांनी मोजत होती. परीक्षक मागे बसले होते, त्यांच्या शेजारी पेन्सिलवाल्या बाई. मी फळ्यापाशी होते. बिट्टी उठून माझ्याकडे आली. माझ्या कुडत्याचं टोक धरलं आणि हळूच म्हणाली, "बाई, मला शू लागलीय."

मी इथल्या भाषेत म्हणाले, "जागेवर बस."

ती बसली नाही. तिला वाटलं असेल, मला ऐकू गेलं नाही. ती जरा मोठ्याने म्हणाली, "बाई, खूप लागलीय."

मी तिच्या खांद्याला धरलं, वळवलं आणि तिच्या बाकाकडे बोट दाखवलं. हसून. परीक्षकांना दिसावं म्हणून मी हसत होते. ती गेली, बसली. दोन्ही पाय एकमेकांत अडकवून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, "कुणाच्या टेबलाला किती पट्ट्या लागल्या?" बारा, म्हणाला कुणीतरी. साडेअकरा, म्हणाली दुसरी. मी फळ्यावर बारा आणि साडेअकरा लिहिलं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग एक हसणं, मग पुष्कळ हसणं.

पेन्सिलवाल्या बाई उठल्या आणि तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेल्या. सफाईवाले काका फडकं घेऊन आले. मी मुलांना म्हटलं, "आपण पुढे जाऊ या. साडेअकरा का आले असतील बरं?"

हा तो न तुटलेला ओघ.

आज शेजारच्या नर्सबाईने विचारलं, "पाठ कसा झाला?" मी म्हणाले, "छान." तिने मला मिठी मारली. मला ती मिठी सोडवून घेता येईना आणि सहनही होईना.

मागच्या पत्रात कारणं लिहिली होती. ती खरी आहेत, पण आधीची नाहीत. आधीचं असं की पहिल्याच दिवशी दारात बिट्टीच्या आईच्या सपाता आणि मोजे मला दिसले, तिचा तो मोठा आवाज ऐकू आला, आणि मनात आलं की आता हे लोक मला हिच्याच रांगेत उभी करतील. पाच महिने जीव तोडून जे बोलणं, जे चालणं कमावलं, ते ही बाई एका वाक्यात उतरवून ठेवणार. बाकी सगळं, भाषा कानावर पडते आणि वाढ खुंटते वगैरे, नंतर सुचलं.

तुझी नणंद


रविवार, २ मार्च

वहिनी,

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की माझं लक्ष नव्हतं. ते कापून टाक. माझं पूर्ण लक्ष होतं.

तू सकाळपासून माझ्या बॅगेशी झुंजत होतीस. बॅग वजनकाट्यावर ठेवायची, उतरवायची, एक जोडी कपडे काढायचे, पुन्हा ठेवायची. पदर खोचलेला, केस विस्कटलेले, घामाने ब्लाऊज भिजलेला. आणि प्राचार्या मॅडम न सांगता आल्या. त्यांच्या शिफारशीमुळे मला इथे जागा मिळाली होती. त्या आपल्या घरी कधी येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी पळत जाऊन खुर्चीवरचे कपडे उचलले. तू आत जाऊन चहा टाकलास.

तू ट्रे घेऊन आलीस. त्यांनी एक घोट घेतला आणि तुझ्यासमोरच मला म्हणाल्या, "चहा सुरेख करतात हो तुमच्या बाई. बरीच वर्षं आहेत का तुमच्याकडे?"

एक क्षण होता, वहिनी. तो मोठा होता. त्यात 'अहो मॅडम, ही माझी वहिनी' इतकं बोलणं सहज मावलं असतं. तू हसलीही होतीस, आता मी बोलेन म्हणून.

मी म्हणाले, "हो. मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून."

शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच तो इतका सहज आला. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि त्याच वर्षी तू लग्न होऊन आलीस. तुझं वय तेव्हा एकवीस. माझ्या डोक्यातल्या उवा तू काढल्यास. पालकसभेला तू गेलीस, चौथीपर्यंतच शिकलीस म्हणून बाकावर अंग चोरून बसायचीस, पण गेलीस. माझे पाढे ऐकताना तुझेच पाठ झाले.

आणि मग तू जे केलंस ते मला पाच महिने झोपेतही ऐकू येतं. तू मला उघडी पाडली नाहीस. तू रिकामे कप ट्रेमध्ये ठेवलेस आणि विचारलंस, "ताई, अजून काही आणू?"

सतरा वर्षं तू मला ठमे म्हणालीस, गधडे म्हणालीस, फार लाडात आलीस तर सोन्या म्हणालीस. ताई कधी म्हणाली नव्हतीस. माझी लाज राखायला तू मला ताई म्हणालीस, आणि मी त्यावर मान हलवून "नको" म्हणाले.

मॅडम गेल्यावर तू बॅगेची चेन लावलीस, वजन बरोबर भरलं असं दादाला सांगितलंस आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी निघताना मी वाकले तेव्हा डोक्यावर हात ठेवलास. तो हातही न ठेवतीस तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. इतकी मी वाईट होते.

क्षमा मागत नाही. मागितली की देणं तुझ्या अंगावर पडेल. फक्त जे झालं ते जसं झालं तसं एकदा तुला लिहून द्यायचं होतं.

तुझी नणंद


रविवार, ९ मार्च

वहिनी,

काल कपडे दुरुस्तीच्या दुकानात गेले होते.

बसमधून दोन थांबे आधीच उतरले आणि उरलेलं चालत गेले, म्हणजे तेवढाच उशीर. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, दोन शिलाई मशिनी, दारापर्यंत टांगलेले कोट. बिट्टीची आई एका पँटची दुमड घालत होती, तोंडात चार टाचण्या. मला पाहून पटकन उठली आणि इथल्या भाषेत, शिकून ठेवलेलं वाक्य म्हणाली, "नमस्कार, काय मदत करू?"

मी मराठीत म्हणाले, "ताई, मला तुमच्याशी बोलायचंय."

तिने एकेक करून तोंडातल्या चारही टाचण्या काढल्या आणि मशिनीवरच्या छोट्या गादीत खोचल्या. मग म्हणाली, "म्हणजे येतं तुम्हाला."

"हो."

"पहिल्यापासून?"

"माझी भाषाच तीच आहे."

ती बसली. मी उभीच होते. मी सगळं सांगितलं. मुख्याध्यापकांना काय सांगितलं, फाटकापाशी काय केलं आणि त्या मंगळवारी वर्गात काय झालं. तो मंगळवार तिला ठाऊकच नव्हता. शाळेने चिठ्ठी दिली होती ती तिला वाचता आली नव्हती, आणि बिट्टीने सांगितलं होतं की चित्र काढल्याची शाबासकी आहे. म्हणजे पोरीने जे झाकून ठेवलं होतं तेही मीच जाऊन उघडं केलं.

बराच वेळ ती पँटच्या दुमडीवर खडूने रेघ ओढत बसली. मग म्हणाली, "बिट्टी मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती. म्हणे, आई, बाईंना आपलं बोलणं येतं. रांगेत आम्हाला मोजताना एकोणीस, वीस म्हणतात. मी म्हटलं, तुला भास झाला असेल. ती ऐकेना. तुम्ही फाटकापाशी मला तसं म्हणालात ना, त्या दिवशी घरी जाऊन मी तिला मारलं. बाईंबद्दल खोटं बोलतेस म्हणून. कान पकडून उठाबशा काढायला लावल्या. तरी पठ्ठी म्हणत होती, 'मोजतात. मी ऐकलंय. मोजतात.'"

मी टांगलेल्या कोटांकडे बघत उभी राहिले.

"बाईंना येत असतं तर त्या बोलल्या नसत्या का, असं म्हणाले मी तिला," ती म्हणाली. "आता मी तिला काय सांगू?"

"मी सांगते तिला. तुमच्या घरी येऊन सांगते."

"घरी नको." तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. राग असता तर बरं वाटलं असतं. दमलेली दिसत होती. "घरी सांगून काय होणार? हसली ती मुलं वर्गात हसली. तिथे सांगा. सगळ्यांसमोर सांगा, की तिचं खरं होतं."

मग तिने टाचण्या परत तोंडात धरल्या. बोलणं संपलं होतं.

सोमवारी आधी पेन्सिलवाल्या बाईंना सांगेन, मग वर्गाला. हे तुला लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

तुझी नणंद


रविवार, १६ मार्च

वहिनी,

सोमवारी शाळा भरायच्या आधी पेन्सिलवाल्या बाईंना गाठलं. त्या रंगाच्या बाटल्या लावत होत्या. मी सांगत असताना त्यांनी एकही बाटली खाली ठेवली नाही, एकही उचलली नाही.

"ती दोनदा बोलली," त्या म्हणाल्या. "तुला पहिल्यांदाच कळलं होतं?"

"हो."

"आणि दुसऱ्यांदाही?"

"हो."

"मला वाटलं, तुला समजत नाहीये. मला तुझी कीव आली होती." त्या एवढंच म्हणाल्या. मग मला घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. तो पाठ रद्द झाला आहे. या महिन्याअखेर मी ही शाळा सोडायची आणि सगळा सराव पुढच्या सत्रात दुसऱ्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून करायचा. मुख्याध्यापक म्हणाले, "शिकवता येत नाही म्हणून नाही. मुलांना तुमच्यावर भरवसा ठेवता यावा म्हणून." मी हो म्हणाले. यात त्यांचं काहीही चुकलेलं नाही, दादाला तसं सांग, नाहीतर तो उगाच चिडेल.

मग वर्ग. चोवीस मुलं गालिच्यावर बसली. मी त्यांना सांगितलं, की मी खोटं बोलले. बिट्टीची आणि माझी भाषा एकच आहे. त्या दिवशी तिने मला नीट, दोनदा सांगितलं होतं आणि मी मुद्दाम न कळल्यासारखं केलं. जे झालं ते माझ्यामुळे झालं.

एका मुलाने हात वर करून विचारलं, "का?"

मी म्हणाले, "मला लाज वाटत होती."

"कशाची?" तो म्हणाला.

मग मी बिट्टीसमोर गुडघे टेकून बसले आणि मराठीत म्हणाले, "बिट्टी, तू आईला खरं सांगितलं होतंस. मी मराठीतच मोजते."

ती माझ्याकडे न बघता बुटाचा पट्टा लावत-काढत होती. म्हणाली, "माहितीये मला."

बस. त्या दिवसापासून तिला काही हवं असेल तर ती पेन्सिलवाल्या बाईंकडे जाते आणि मोडक्या शब्दांत मागते. मी मराठीत विचारलं तर मान हलवून उत्तर देते. पेन्सिलवाल्या बाई माझ्याकडून पाच-सहा मराठी शब्द लिहून घेऊन पाठ करताहेत. 'दुखतंय का?' त्यांना छान म्हणता येतं.

बुधवारी प्राचार्या मॅडमना फोन केला. सराव पुन्हा करावा लागणार हे सांगायचं होतंच, पण खरं काम दुसरं होतं. मी म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्या घरी आला होतात, तेव्हा ज्यांनी चहा दिला त्या कामाच्या बाई नव्हत्या. ती माझी वहिनी. तिने मला वाढवलंय. मी तेव्हा सांगितलं नाही."

त्या म्हणाल्या, "कुठल्या बाई? मी चहा घेतला होता का तुमच्याकडे?"

त्यांना आठवतच नव्हतं, वहिनी. मॅडम त्या दिवशी आणखी तीन विद्यार्थिनींकडे गेल्या होत्या. सगळ्या घरांचा त्यांच्या डोक्यात काला झाला आहे. ज्या माणसासमोर मी तुला पुसून टाकलं, त्या माणसाने माझ्याकडे धड बघितलंही नव्हतं.

मी तरी पुन्हा एकदा सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं बरं. त्यांना नमस्कार सांग." त्यांना वर्गावर जायचं होतं.

तुझी नणंद


मंगळवार, २५ मार्च

वहिनी,

परवा फोनवर दादाने नेहमीसारखं "ती आंघोळीला—" म्हणायला सुरुवात केली आणि मधेच थांबला. मग तुझा आवाज आला. सहा महिन्यांनी. तू 'कशी आहेस' विचारलं नाहीस, 'पत्रं मिळाली' म्हणाली नाहीस. तू विचारलंस, "त्या पोरीला मग कोरडे कपडे दिले का कुणी?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

तू म्हणालीस, "महिना झाला." आणि फोन दादाला दिलास.

खरंच महिना झाला. मी चार पत्रांत माझी लाज लिहिली, पानंच्या पानं. त्या दिवशी ती पोर दाराबाहेर गेल्यावर तिचं पुढे काय झालं, हे मी एकदाही कुणाला विचारलं नाही.

काल विचारलं. पेन्सिलवाल्या बाईंनी तिला ऑफिसात सोडलं होतं, म्हणून ऑफिसातल्या कारकून बाईंकडे गेले. तू विचारलंस म्हणून त्यांनी सांगितलं तसंच सगळं लिहिते.

कपडे दिले. शाळेच्या कपाटात जादा कपडे असतात, त्यातली एक निळी पँट होती. कमरेला मोठी होत होती म्हणून कारकून बाईंनी तिला दोरी बांधून दिली. ओला फ्रॉक त्या धुणार होत्या पण बिट्टी देईना. स्टुलावर चढून तिने तो स्वतः बेसिनमध्ये धुतला, दोन्ही हातांनी पिळला आणि हिटरवर पसरला. दुपारी शाळा सुटेपर्यंत तिथेच खुर्चीवर बसून राहिली, तो वाळतोय का बघत. वाळल्यावर घातला आणि निळी पँट घडी करून परत दिली. म्हणून तिच्या आईला काही कळलं नाही.

त्यांनी तिला खाऊ दिला. तिने घेतला नाही.

मी निघाले तर कारकून बाई म्हणाल्या, "थांबा. तुम्हाला तिची भाषा येते ना? त्या दिवशी ती सारखं एकच म्हणत होती. कपडे बदलताना, धुताना, इथे बसल्यावरही. वर्गाच्या दिशेने बोट दाखवायची आणि म्हणायची. मी कागदावर लिहून ठेवलंय, कुणाला तरी विचारावं म्हणून." त्यांनी खणातून कागद काढला आणि त्यांच्या उच्चारात मोठ्याने वाचला. "मि-पुस्-ते. म्हणजे काय हो?"

मी त्यांना सांगितलं. ती म्हणत होती, मी पुसते.

तुझी नणंद